मधल्या जागेची वहिवाट

लग्न होऊन काष्टीला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एका अनोळखी माणसाने मला साक्षीदार करून टाकलं. मी अंगणात बादली घेऊन उभी होते. हातात हिरवा चुडा, अंगाला अजून हळदीचा वास, आणि या घरात कुणाकडे बघून हसायचं नि कुणासमोर डोक्यावर पदर घ्यायचा याचा काही पत्ता लागत नव्हता. आमच्या घराच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये एक मोकळी जागा होती. तिच्या बरोबर मधोमध एक उंच, वाळका म्हातारा मिश्री लावत उभा होता. त्याने बोटानेच मला थांबवलं.

"सूनबाई, मी कुठं उभा हाय?"

"इथे," मी म्हणाले.

"इथं म्हंजी कुठं?"

"मोकळ्या जागेत."

"मोकळ्या न्हाई. माझ्या जागेत. नीट बघून ठिवा. पुढं-मागं सांगायची येळ यील."

आणि तो शांतपणे चूळ भरायला निघून गेला. मी घाबरून आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "नाना हायती ते," त्या म्हणाल्या. "समद्यांना इचारत्यात. काल वऱ्हाडातल्या आचाऱ्याला बी इचारलं."

मी नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माहेर बदलल्यासारखं वाटतं म्हणून माझ्या तोंडी नगरच येतं. बी.कॉम. झालेली, टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेली. मला वाटलं, शेजारी वेडाच मिळालेला दिसतो. पुढे कळलं की वेड होतं, पण त्याला मोठी शिस्त होती.

ती मधली जागा रुंदीला एक बैलगाडी जेमतेम वळेल एवढी. कधीकाळी तिथे एका कासाराचं घर होतं. कासार बायकोमुलीला घेऊन पोट भरायला कुठे घोडेगावच्या बाजूला गेला, तिकडेच वारला, आणि मागे घर हळूहळू बसत गेलं. पत्रे कुणी नेले, वासे कुणी नेले, भिंतींची माती पावसाने नेली. मी आले तेव्हा नुसती जमीन उरली होती. झाडायला गेलं की खराट्याला रंगीत काचांचे तुकडे लागायचे, बांगड्यांचे. विचारायला कुणी येत नव्हतं, आणि विचारायला कुणी येत नाही म्हटल्यावर दोन्ही बाजूंच्या घरांना ती जागा फार आवडायला लागली होती. नानांनी त्यांच्या बाजूने शेवगा लावला, सीताफळाची झाडं लावली. आमच्या मामंजींनी आमच्या बाजूने म्हैस बांधली. म्हशीचा खुटा आज जिथे असेल तिथून उद्या हातभर पुढे सरकलेला असे. तो कोण सरकवतं हे घरात कुणी विचारत नव्हतं. परवा तो पुन्हा मागे आलेला असे, आणि तेही कुणी विचारत नव्हतं.

नाना साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. लोक निवृत्तीनंतर देवधर्म करतात, नाना कोर्टात जाऊन बसायला लागले. त्यांची स्वतःची तेव्हा एकही केस नव्हती. पण धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, काखेत छत्री, अशा थाटात ते एसटीने तालुक्याला जायचे आणि दुसऱ्यांचे जमिनीचे खटले मागच्या बाकावर बसून ऐकायचे. परत आले की चौकात सांगायचे, आज बांधाची केस लई रंगली, उद्या उलटतपासणी हाय, चुकवायची न्हाई. चांगलं कीर्तन असल्यासारखं सांगायचे.

तिथून त्यांनी तीन शब्द आणले होते. उघड, सलग आणि विरोधात. दुसऱ्याच्या जागेत बारा वर्षं तुम्ही उघडपणे राहिलात, मध्ये खंड पडू दिला नाहीत आणि मालकाला न जुमानता राहिलात, तर जागा तुमची होते. मालकाने तोवर दावा लावला नाही, की संपलं. पण यात एक मेख असे, आणि ती सांगताना नाना आवाज खाली आणायचे. मालकाला एकदा जरी विचारलं, त्याने एकदा जरी हो म्हटलं, की सगळं पाण्यात. मग तुम्ही शंभर वर्षं राहा, तुम्ही पाहुणेच. "इचारलं की मेलं," ते म्हणायचे.

हे तीन शब्द त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींना लावले. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला ते उठवायचे. "रुमाल म्हंजी ताबा न्हाई, बुड टेकावं लागतं." आपल्या वारलेल्या बायकोची आठवण काढायचे तेव्हा म्हणायचे, "तिनं माझ्या घराचा ताबा घेतला. उघड, सलग आन् माझ्या विरोधात." आणि हसता हसता टोपी काढून डोकं खाजवत बसायचे. शिंगणापूरला शनीच्या दर्शनाला गेले तर देवापेक्षा तिथल्या बिनदाराच्या घरांकडे बघत राहिले. आल्यावर मामंजींना म्हणाले, "तिथं समदंच उघड हाय गड्या. तिथला वकील काय खात आसंल?"

गुढीपाडव्याला सगळं गाव आपापल्या दाराशी गुढी उभारतं. नाना मधल्या जागेत उभारायचे आणि दिवसभर तिच्याखाली खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला बत्तासा देत. बत्तासा घेतला की तो माणूस नानांच्या हिशेबी साक्षीदार. माझ्या माहेरचे सगळे बिचारे असेच साक्षीदार झाले.

मामंजींशी त्यांचं भांडण रोज चहाच्या आधी. एरवी दोघे एकमेकांना अरे-तुरे करणारे, एका वर्गात बसलेले. पण भांडण सुरू झालं की नाना एकदम "अहो पाटील, आपण" असं बोलायला लागत, कारण कोर्टात तसंच बोलतात. मामंजींना त्याचाच जास्त राग यायचा. नानांची खरी तक्रार तर वेगळीच होती. मामंजी त्यांच्याविरुद्ध कुठे तक्रारच करत नव्हते.

"आपण ग्रामपंचायतीत एक अर्ज द्या की हो पाटील. मी बेकायदा बसलोय म्हनून. एवढं बी शेजारधर्मानं करत न्हाई तुमी."

"आन् माझी म्हैस कशी बसलीय म्हनून इचारलं तर?"

"ते तुमी बघा. पन भांडनाशिवाय ताबा सिद्ध हुत न्हाई."

"मग हे काय चाललंय आपलं?"

"ह्याला भांडन म्हनत न्हाईत. ह्याला कागद न्हाई."

मग आत्याबाई चहा घेऊन यायच्या आणि दोघे एकाच ओट्यावर बसून बशीत ओतून प्यायचे. साखर संपली असेल तर ती नानांच्या घरूनच आलेली असे.

माझ्या नणंदेच्या लग्नात मात्र हे प्रकरण हातघाईवर येणार असं वाटलं. मांडव घालायला आमचं अंगण पुरत नव्हतं, मधल्या जागेत पाय पसरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नाना म्हणाले, मांडव घाला, माझी ना न्हाई, पण मला इचारून घाला. मामंजी म्हणाले, विचारणार नाही. विचारलं तर जागा त्याची असं कबूल केल्यासारखं होतं. दोन दिवस मांडववाला बांबू घेऊन रस्त्यात थांबला. घरात लग्नाचं वातावरण राहिलं नाही, सगळे ताब्यावर बोलत होते. नणंद तर म्हणाली, मी कोर्टातच लग्न करते, सगळ्यांची सोय होईल.

शेवटी आत्याबाई उठल्या. नऊवारी सारखी केली, हळदीकुंकवाची कोयरी घेतली आणि नानांच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. "नाना, मांडवाची मुहूर्तमेढ तुमच्या हातनं रवायची हाय. पोरगी तुमच्या म्होरं वाढली." एवढंच बोलल्या. ना परवानगी मागितली, ना जागेचं नाव काढलं. नाना विरघळले. टोपी नीट करून आले, मधल्या जागेत स्वतः खड्डा घेतला, मेढ रोवली, हळदकुंकू वाहिलं आणि मांडव उभा राहिला. मामंजी खूश, कारण त्यांनी विचारलं नव्हतं. नाना खूश, कारण त्या जागेत पहिला खांब त्यांनी स्वतःच्या हाताने रोवला होता आणि सगळं वऱ्हाड बघत होतं. लग्नातल्या फोटोत पाहिलंत तर नवरा-नवरीच्या मागे प्रत्येक वेळी ते त्या मेढीला हात लावून उभे असलेले दिसतील. आत्याबाईंनी त्या दिवशी जे केलं ते मला अजून जमत नाही.

हे सगळं गमतीचं होतं, निदान मला तरी गमतीचं वाटायचं, ते नानांची मंगल परत येईपर्यंत. मंगल म्हणजे त्यांची धाकटी मुलगी, माझ्याच वयाची. तिच्या नवऱ्याने दुसरी बाई घरात आणून बसवली आणि हिला एका पिशवीनिशी एसटीत बसवून दिलं. ती आली तेव्हा नानांच्या दोन्ही मुलांनी घर आपसात वाटून घेतलं होतं. नानांनीच विश्वासाने ते त्यांच्या नावावर केलेलं. मंगलच्या वाट्याला पडवी आली. तिथे ती शिलाई मशीन ठेवून ब्लाऊज शिवायची, आणि रात्री मशीन बाजूला सरकवून तिथेच झोपायची. भावजया वाईट नव्हत्या, पण पडवीतून जाता-येता पायात कपड्याच्या चिंध्या आल्या की त्यांच्या तोंडून एखादा शब्द जायचाच. मंगल ऐकून घ्यायची. ती मुळातच कमी बोलणारी.

एकदा मी ब्लाऊज टाकायला गेले तर नाना पडवीच्या पायरीवर बसलेले. मंगल आत पाणी आणायला गेली होती. मला म्हणाले, "सूनबाई, मी लई हुशार म्हनून गावभर फिरलो. पोरांच्या नावावर घर केलं आन् पोरीचा इचारच केला न्हाई. लगीन झालं म्हंजी तिला घर झालं आसं वाटलं मला." मग म्हणाले, "आता मधली जागा हाय तेवढीच. ती तिला झाली पायजे."

मी घरी येऊन हे जेवताना सांगितलं. मामंजींनी पुढचा घास घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर म्हैस आमच्या मागच्या दारी बांधलेली. मधल्या जागेतला खुटा उपटलेला आणि त्याचा खड्डा मातीने नीट बुजवून वर शेणाने सारवलेलं. नाना मिश्री लावायला आले, त्या सारवलेल्या तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्या दिवशी भांडण झालं नाही. चहा मात्र दोनदा झाला.

मग नानांनी स्वतःची पहिलीवहिली केस केली. इतकी वर्षं मागच्या बाकावर बसलेला माणूस पुढे गेला. दावा असा की बारा वर्षांच्या वर माझा ताबा आहे, उघड, सलग आणि विरोधात, तर जागा माझी ठरवून द्यावी. समोर मालक म्हणून नाव लागलं ते कासाराच्या एकुलत्या एक मुलीचं, इंदुबाईंचं. त्या घोडेगावला दिलेल्या. नवऱ्याचं तिथल्या जनावरांच्या बाजारात म्होरक्या, कासरे, घुंगरं विकायचं दुकान. नवरा गेल्यावर त्याच बसायच्या गल्ल्यावर. मुलं पुण्याकडे कंपनीत. नोटीस गेली तशी मुलांनी वकील दिला आणि आईला सांगितलं, जाऊन उभी राहा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या दोन्ही घरांत सगळ्यांना माहीत होती आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात आली नव्हती. काष्टीला एवढा मोठा बाजार असताना आमच्या मामंजींचा म्हशीसाठी विश्वास घोडेगावच्या बाजारावर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ते टेम्पोतून तिकडे निघाले की नाना एक टोपली आणून ठेवायचे. मधल्या जागेतली सीताफळं, पहिल्या तोड्याची, खाली पळसाची पानं घालून, डोळे उघडलेली तेवढी निवडून. "इंदीला दे. वानवळा." नवं पीक आलं की पहिला घास आपल्या माणसांकडे पाठवायचा, एवढाच त्याचा अर्थ. मामंजी टोपली दुकानात द्यायचे आणि इंदुबाई टोपली रिकामी परत करायची नाही म्हणून तिच्यात घुंगरांची माळ नाहीतर मूठभर शेंगदाणे घालायच्या. आमच्या म्हशीच्या गळ्यातली माळ अशीच आलेली. नाना आणि इंदुबाई स्वतः कधी भेटलेही नव्हते त्या काळात.

साक्षीसाठी मामंजींना बोलावलं होतं. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे मी सोबत गेले. नाना पिंजऱ्यात उभे होते, पण कसे, तर लग्नातल्या त्या मेढीपाशी उभे होते तसे, छाती काढून. शेवगा कधी लावला, गुढी कुठे उभारली, सगळं धडाधड सांगितलं. मग समोरचा वकील उठला. तरुण मुलगा होता. इंदुबाई मागच्या बाकावर, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी.

"इंदुबाईंना ओळखता?"

"ओळखतो म्हंजी? माझ्यासमोर पाळन्यात हुती."

"त्यांना कधी काही पाठवलंत?"

"दरसाली. सीताफळं."

नानांचे वकील अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

"कोणत्या झाडांची?"

"मधल्या जागेतल्या."

"का पाठवत होता?"

"का म्हंजी? वानवळा नगं द्यायला?"

"पण जागा तुमची म्हणता. मग पहिली टोपली त्यांनाच का?"

नानांनी त्या वकिलाकडे असं पाहिलं की या पोराला घरात काही शिकवलेलं दिसत नाही. "अहो, तिच्या बापाच्या जागेतली झाडं. पहिला वानवळा तिला न्हाई द्यायचा तर कुनाला?"

न्यायाधीश साहेब लिहिता लिहिता थांबले. पुन्हा सांगा म्हणाले. नानांना वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी तेच वाक्य मोठ्याने, सावकाश सांगितलं.

बाहेर आल्यावर वकिलांनी त्यांना समजावलं, की तुम्ही स्वतःच्या तोंडाने तिला मालक म्हणालात, आणि आजच नाही, दरवर्षी टोपली भरभरून म्हणत आलात. यात विरोधात काय राहिलं? नाना म्हणाले, "वाटा येगळा, वानवळा येगळा." वकील म्हणाले, कायद्यात वानवळा नाही. येताना एसटीत ते खिडकीशी बसले होते आणि एवढ्या गर्दीत कुणीतरी रुमाल टाकून जागा धरली तरी काही बोलले नाहीत. घरी मंगलने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो हातात धरून म्हणाले, "तुझी जागा मीच घालिवली, मंगल." मंगल म्हणाली, "पानी प्या." मला तिथे उभं राहवेना.

दावा फेटाळला गेला. निकालानंतर आठवड्याभरात इंदुबाई एकट्याच एसटीने काष्टीला आल्या. गाव सोडल्यानंतर पहिल्यांदा. कुणाच्या घरात न जाता आधी मधल्या जागेत गेल्या, खाली बसून मातीत बोट फिरवलं, एक निळी काच सापडली ती पदराला पुसली आणि पिशवीत टाकली. मग नानांच्या ओट्यावर आल्या. मामंजी तिथे होते, मी चहा घेऊन गेले होते, मंगल पडवीत मशीनवर.

नाना उभे राहिले. या माणसाने आयुष्यात कुणाची परवानगी विचारली नव्हती. टोपी काढली आणि हात जोडले. "इंदू, जागा तुझीच हाय. पन ह्या पोरीला दोन-चार वर्सं तिथं खोपट घालून राहू दिशील का? मी इचारतोय तुला."

इंदुबाई म्हणाल्या, "न्हाई."

मंगलची मशीन थांबली.

"आसं इचारून ऱ्हायली तर तिची कधी हुयाची ती?" इंदुबाई म्हणाल्या. "मला वकिलानं समदं समजावलंय. इचारलं की मेलं म्हनं. मी परवानगी देत न्हाई, नाना. तुमी तिला घुसवा. मी दरसाली येऊन भांडंन."

"आगं, कागदच करून दे की सरळ," मामंजी म्हणाले.

"सही केली तर पोरं मला जगू द्यायची न्हाईत. जागा बघायला येनार न्हाईत, पन दिली म्हटलं की आंगावर येत्याल. त्यापरीस जाऊ द्या बारा वर्सं." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "बाप गेला, आई गेली. मला माहेर न्हाई आसं समदी म्हनायची. दसरा झाला की एक टोपली यायची. तेवढ्यावर मी इतकी वर्सं मिरवलं सासरी. आता हिला बी राहू द्या की कुठंतरी."

अशा संगनमताने केलेलं भांडण कायद्यात कितपत बसतं मला माहीत नाही. नानांना ते बसवायचं होतं, आणि एकदा ठरल्यावर त्यांनी त्यात आपली सगळी विद्या ओतली. मंगलला पत्र्याची खोली घालून दिली, वीजबिल तिच्या नावावर घेतलं, शेवगा-सीताफळं तिच्या हवाली केली. दिवाळीच्या आसपास इंदुबाई यायच्या. पहिल्या वर्षी त्या जागेत उभ्या राहिल्या, "मंगल, माझी जागा..." एवढं म्हणाल्या आणि दोघीही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. नाना संतापले. "ह्ये भांडन हाय का हळदीकुंकू? मागारी जा, फाट्यापासनं पुन्ना या." आणि त्यांनी इंदुबाईंना खरंच परत पाठवून पुन्हा आणलं. मामंजी ओट्यावर साक्षीदार म्हणून बसायचे. त्यांना ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा लागायचा, ते नानांना फार आवडायचं. इंदुबाई ओरडायच्या, मंगलच्या वतीने नाना उत्तर द्यायचे, न्हाई सोडत, काय करायचं ते करा. मंगल मागे उभी. चौकातली चार माणसं जमली की भांडण संपायचं. मग इंदुबाई दोन दिवस मंगलकडे राहायच्या, पुरणपोळी व्हायची, निघताना आत्याबाई त्यांची ओटी भरायच्या. गावाला वाटायचं, काय विचित्र बाई आहे, भांडते तिथेच जेवते.

पुढे आत्याबाई गेल्या. मामंजी अंथरुणाला खिळले. आणि बारा वर्षं व्हायच्या आत, एका उन्हाळ्यात, जेवून पान लावता लावता नाना गेले.

नवव्या दिवशी पाहुणे जमले होते, दुसऱ्या दिवशी दहावा. सतरंजीवर सगळे बसलेले. नानांचा थोरला मुलगा सावकाशीने, कुणाला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाला, "दहावा झाला की मधल्या जागेत माझा टेम्पो लावतो. नानांचा ताबा म्हंजी आमचाच की. मंगलची मशीन घेऊ पडवीत, तिला एकटीला तरी करमतंय कुठं." पाहुण्यांना त्यात काही चूक वाटली नाही. दोघांनी मान हलवली. मंगल खोलीच्या दारात बसली होती. ती नुसती माझ्याकडे बघत होती. मला कळत होतं की आज ती एकदा पडवीत गेली की ताब्यात खंड पडला, संपलं, आणि बोलायचा अधिकार मला नव्हता.

तेवढ्यात इंदुबाई आल्या. गुडघे धरलेले, एका हाताने भिंतीचा आधार घेत. दुःखाच्या घरी बाई आली की रडत येते, म्हणून बायकांनी सरकून त्यांना जागा केली. त्या बसल्या नाहीत. पायावर पाणी घेतलं नाही. तशाच मधल्या जागेत गेल्या आणि पत्र्याच्या खोलीसमोर उभ्या राहिल्या.

"मंगल, उठ."

मंगल उठली.

"ही जागा माझ्या बापाची. तू बळकावलीस. तुझ्या बापानं न्हाई, तुझ्या भावांनी न्हाई. तू. मला न इचारता तू हितं ऱ्हातीस, झाडं तू खाती, लाईट तू जाळती. समद्या पाव्हण्यांनी नीट ऐका, पुढं-मागं सांगायची येळ यील."

त्यांच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती आणि आवाज मात्र जराही हलत नव्हता. एक म्हातारी म्हणाली, काय बाई तरी, सुतकात. थोरला उठून पुढे आला, "आत्या, हे घरच्या-घरी..."

"तू गप बस," इंदुबाई म्हणाल्या. "तुझा ह्यात काय संबंध? भांडन माझं आन् हिचं हाय."

तो जागच्या जागी थांबला. काय झालं ते त्याला पुरतं कळलं की नाही सांगता येत नाही, पण पाहुण्यांकडे बघून तो हळूच मागे सरला. आता उत्तर हवं होतं, आणि उत्तर द्यायला नाना नव्हते. इंदुबाई वाट बघत उभ्या राहिल्या. मंगलचे ओठ नुसते हलत होते. एवढ्या वर्षांत तिने त्या भांडणात एक शब्द काढला नव्हता.

"हाय," ती शेवटी म्हणाली. "माझ्या ताब्यात हाय. मी न्हाई सोडनार."

ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग इंदुबाई खाली मातीत बसल्या आणि नानांसाठी रडायला लागल्या.